फळ्यावरचं उतरवून घेतो, पण वाचता येत नाही

पत्र थोडक्यात असं: मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या शिक्षण सेविकेने ते लिहिलं आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, घर लांब, वर्गात 28 मुलं. त्यातली पाच जण दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. यंदा तिघं होळीच्या सुमारास परतली. त्यातला एक मुलगा फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतो, पण 'वाचून दाखव' म्हटलं की मान खाली घालतो. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली आहे. मुख्याध्यापक म्हणतात, 'पेपर कसाही लिहून घ्या आणि पुढे ढकला. नापास दाखवला की दहा ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात.' वर्गातल्या एका हुशार मुलीची आई शाळेत येऊन सांगून गेली, 'त्या पोरांपायी आमच्या पोरीचं नुकसान होतंय. असंच चाललं तर जूनपासून तिला इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवणार.' पत्रलेखिका विचारतात, त्याला खोटं पास करू की खरं नापास करू? एका मुलासाठी बाकीच्या 27 जणांचा अभ्यासक्रम मागे ठेवणं बरोबर आहे का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'रात्री झोप लागत नाही. मी या नोकरीत यायलाच नको होतं का?'

बाई,

तुम्हाला बाईच म्हणते. चौतीस वर्षं मी हीच हाक ऐकली आणि आजही बाजारात कुणी मागून 'बाई' म्हणालं की मी वळून बघते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पास की नापास, एक की सत्तावीस, या तुमच्या प्रश्नांकडे येतेच. पण माझा जीव अडकला तो तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्यात. तो मुलगा फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेतो आणि त्याला ते वाचता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं. वर्गात 28 मुलं असताना, सगळ्यांच्या वह्या भरलेल्या असताना, हे लक्षात येणं सोपं नसतं. मला ते दोन वर्षं कळलं नव्हतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची वही इतकी नेटकी की तपासणीला साहेब आले की मी ती गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची. एक दिवस प्रकट वाचन चाललं होतं. ती उठली आणि धडा घडाघडा म्हणू लागली. मी सहज तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तर तिच्या हातातलं पुस्तक भलत्याच धड्यावर उघडलेलं होतं. ऐकून ऐकून तिने अख्खा धडा पाठ केला होता. केवढी स्मरणशक्ती लागली असेल, आणि आपलं बिंग फुटू नये म्हणून रोज केवढी धडपड! ती मुलगी मंद नव्हती. वाचता येत नाही हे झाकायला तिने जी हुशारी लावली, ती वाचायला शिकण्याला पुरून उरली असती. मी मात्र तिच्या वहीला 'छान' असा शेरा देत राहिले. तो शेरा मला आजही टोचतो.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. तुमच्या पत्रात त्या मुलाबद्दल 'त्याला काहीच येत नाही' असं तीन वेळा आलं आहे. हे तुम्ही तपासून लिहिलंय, की त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून? सोमवारी मधल्या सुट्टीनंतर त्याला व्हरांड्यात एकटं घेऊन बसा. दहाच मिनिटं. दुसरं कुणी ऐकायला नको. आधी सुटी अक्षरं दाखवा, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग मात्रांचे, मग दुसरीच्या पुस्तकातल्या चार ओळी. चुका दुरुस्त करू नका, फक्त कागदावर टिपून ठेवा. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांत तो गोंधळतो का? ऱ्हस्व वेलांटी आली की थबकतो का? नुसती नक्कल करणाऱ्या मुलांना ही वेलांटी हमखास अडवते. लिहिताना ती अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. त्याने ती शेकडो वेळा रेखाटली असेल, पण तिचा आवाज त्याच्या कानापर्यंत कुणी पोचवलेला नसेल. जोडाक्षरं आणि रफार तर पुढची गोष्ट.

माझा अंदाज असा की 'काहीच येत नाही' या जागी तुमच्या कागदावर काहीतरी नेमकं उतरेल. समजा, 'अक्षरं तीस-बत्तीस ओळखतो, काना येतो, वेलांटी-उकार येत नाहीत, शब्द जोडताना पहिलं अक्षर विसरतो' असं निघालं. आता हे काम झालं. 'काहीच येत नाही' यावर इलाज नसतो, वेलांटी येत नाही यावर असतो.

आणि अक्षरांच्या पलीकडे तो काय जाणतो, तेही विचारा. पाच महिने तो कारखान्याच्या पट्ट्यात, फडाच्या कडेला राहिला आहे. मोळ्या मोजल्या असतील. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या किती बांधल्या, किती विकल्या, पैसे किती आले हे त्याला तोंडी येत असेल. धाकट्या भावंडाला कोपीत, तिथल्या झोपडीत, सांभाळलं असेल. ऊसतोडीवरून आलेल्या एका मुलाला मी फळ्यावर गुणाकार घातला तेव्हा त्याने खाली बघितलं, आणि 'एका पेंढीला सात रुपये तर बारा पेंढ्यांचे किती' असं विचारलं तेव्हा मी श्वास घेईपर्यंत त्याने उत्तर दिलं. त्याच्या प्रगतिपुस्तकात मात्र गणितापुढे 'सुधारणा आवश्यक' लिहिलेलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

तुम्ही लिहिलंय की तो तांड्यावर राहतो. मग आणखी एक गोष्ट बघा. त्याच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात का? त्या घरात आईला 'याडी' आणि भाकरीला 'बाटी' म्हणतात. अशा मुलाला आपण पहिलीच्या पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत वाचायला बसवतो. आई, भाकरी हे शब्दच त्याला परके असतात, आणि आपण समजतो की त्याला अक्षर कळत नाही. खरं तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, बोली एक आणि लिपी एक. तांड्यावर जाऊन पन्नासेक शब्द विचारून वहीत उतरवून आणा. शक्यतो त्याच्याकडूनच. आयुष्यात पहिल्यांदा तो शिक्षक होईल आणि तुम्ही विद्यार्थी. अशा एका संध्याकाळनंतर मूल वर्गात वेगळ्या मानेने बसतं, हे मी पाहिलंय.

आता शिकवायचं कसं. तुमच्याकडे महिना-दीड महिना आहे. एवढ्यात पाचवीचं भाषेचं पुस्तक त्याच्या हातून वाचून होणार नाही, तो हट्ट सोडा. त्याऐवजी त्याला बोलतं करा. फडावरचा एक दिवस सांग म्हणा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, चार छोट्या वाक्यांत, मोठ्या अक्षरात लिहा. 'आमी पहाटं उठतो' असं म्हणाला तर तसंच लिहा. पुस्तकी रूप नंतर शिकवता येईल. मग बोट ठेवून त्याच्याबरोबर वाचा. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापा, मिसळा, त्याला लावायला सांगा. तिसऱ्या दिवशी शब्द कापा. ऊस, कोपी, मोळी, बैल, गाडी, वाढे. हे सगळे त्याच्या जगातले शब्द आहेत आणि यांत बरीच स्वरचिन्हं येऊन जातात. 'ट्रॅक्टर' तो स्वतःहून मागेल, मुलांना तो शब्द फार हवा असतो. मग जोडाक्षराला तिथेच हात घाला.

बाराखडी पहिल्यापासून शेवटपर्यंत घोकून घेण्यात हे दिवस घालवू नका. थोडी अक्षरं आणि थोडी स्वरचिन्हं एकदम हातात आली की मूल लगेच अर्थाचे शब्द वाचू लागतं, आणि अर्थ लागला की त्याला पुढचं अक्षर हवंसं वाटतं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वर्षानुवर्षं वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांबरोबर काम करून मराठी वाचन-लेखनाचा असाच रस्ता बांधला. पहिलीच्या पुस्तकांतही आता अक्षरं क, ख, ग अशा क्रमाने येत नाहीत, गटागटाने येतात, त्यामागे हाच विचार आहे.

फळ्यावरून उतरवणं त्याला काही दिवस बंद करा, पण त्याच्या अक्षराचा अभिमान काढून घेऊ नका. शाळेने आजवर त्याला दिलेलं ते एकच बक्षीस आहे. वर्गातल्या वस्तूंवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्याच्याकडून लिहून घ्या. अट एकच, आधी वाचायचं आणि मग लिहायचं.

आता त्या मुलीच्या आईकडे वळते. तुमच्या पत्रात तिच्यावर थोडा राग आहे. तो मला समजतो, पण तिचं सगळंच म्हणणं चुकीचं नाही. आपल्या शाळांत हुशार मुलीला एक काम हमखास मिळतं: आपलं झालं की शेजारच्याला शिकव, वह्या गोळा कर, वर्ग सांभाळ. कधीमधी हे चांगलं असतं. रोजचं झालं की ती मुलगी बिनपगारी मदतनीस होते आणि तिचं स्वतःचं शिकणं थांबतं. तुमच्या वर्गात असं होतंय का, हे प्रामाणिकपणे बघा. होत असेल तर त्या आईची माफी मागा, अगदी सरळ शब्दांत.

पण त्या आईच्या तक्रारीत आणि तुमच्या प्रश्नातही एक गृहीतक दडलं आहे. बाकीचे 27 जण एका ओळीत, एका पातळीवर उभे आहेत आणि हा एकटाच मागे आहे, असं तुम्ही दोघी धरून चालला आहात. मला हे खरं वाटत नाही. मुलांना किती वाचता येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या 2024च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. तुमचा वर्ग याहून बरा असेल. तरी व्हरांड्यातली ती दहा मिनिटं तुम्ही प्रत्येक मुलाला द्या, आठवडाभरात होऊन जातील. ऊसतोडीला कधीही न गेलेली, रोज पहिल्या बाकावर बसणारी चार-पाच मुलं तरी अशी निघतील की जी वाचतात पण काय वाचलं ते सांगू शकत नाहीत. तेव्हा हा प्रश्न एकाचा उरणार नाही. आणि ज्या अभ्यासक्रमाला तुम्ही मागे ठेवायला घाबरताय, तो पुढे गेलाय तरी किती जणांच्या डोक्यात?

म्हणून परिपाठानंतरची पहिली पंचेचाळीस मिनिटं अख्ख्या वर्गासाठी वाचनाची ठेवा. इयत्ता विसरा, पातळी बघा. अक्षरांवर अडलेले एकत्र, शब्दांवर अडलेले एकत्र, आणि सरसकट वाचणारे एकत्र. शेजारच्या वर्गाच्या गुरुजींची तयारी असेल तर तिसरी-चौथीची मुलंही यात घ्या. मग एक गट त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे. सरसकट वाचणाऱ्यांना धड्याखालचे प्रश्न देऊन बसवू नका. शाळेच्या कपाटात कुलपात पडलेली गोष्टींची पुस्तकं बाहेर काढा. (फाटतील म्हणून ती कपाटात असतात. फाटू द्या.) वाचलेल्या गोष्टीवर त्या मुलीला एक पान लिहायला सांगा आणि ते पान तिच्या आईला दाखवा. आईला तेच हवंय, आपल्या मुलीला काहीतरी मिळतंय याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा. बोलताना दुसऱ्या कुणाच्या मुलाचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. तीही आपल्या मुलीसाठी घाबरलेली आई आहे. तिने मुलगी काढली तर पट घसरेल ही तुमच्या मुख्याध्यापकांची भीतीही खरीच आहे.

मुख्याध्यापकांबद्दल तुम्ही कडवट लिहिलंय. त्यांचं वाक्य मलाही आवडलं नाही. पण त्यांचा दिवस कसा जातो ते एकदा बघा. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, मतदार यादीचं काम, 'आज दुपारी तीनपर्यंत' म्हणून ग्रुपवर आलेली लिंक. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण शाळेत बसलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं ते तुम्ही रोज बघता. असा थकलेला माणूस 'पुढे ढकला' म्हणतो तेव्हा त्यात दुष्टपणा कमी आणि दमणूक जास्त असते. त्यांच्याशी तत्त्वाचा वाद घालू नका. व्हरांड्यातल्या नोंदींचं एक पान त्यांच्या टेबलावर ठेवा आणि एकच मागणी करा: सकाळची पंचेचाळीस मिनिटं मला कुठल्याही कामासाठी वर्गाबाहेर बोलावू नका. एवढंच. मोठी मागणी नाकारणं सोपं असतं. ही नाकारायला त्यांनाही जड जाईल.

आता पास-नापास. आधी नियम काय आहे ते नीट मांडते, कारण अनेक शिक्षकांच्या मनात यात गोंधळ आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवायचं नाही असं म्हटलं होतं. 2019मध्ये तो कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती 2023-24पासून वापरली. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी द्यायची, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची आणि त्यातही जमलं नाही तरच त्या वर्गात ठेवायचं, असा तो क्रम आहे. शाळेतून काढून मात्र कुणालाच टाकता येत नाही.

या क्रमात मधली पायरी सगळ्यात मोलाची आहे आणि आपण नेमकी तीच उडी मारून ओलांडतो. जादा शिकवणी कागदावर होते, पुनर्परीक्षा उरकली जाते. तुम्ही 'खोटं पास की खरं नापास' असं विचारलंत. मला दोन्ही टोकं सारखीच वाटतात, कारण दोन्हीत त्याला वाचायला कुणी शिकवत नाही. नुसतं पास केलं तर तो सहावीत मान खाली घालून बसेल. नुसतं नापास केलं तर पाचवीत.

तरीही माझं मत विचाराल तर त्याचा पेपर तुम्ही लिहू नका आणि दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका. जे गुण येतील ते येऊ द्या. तोंडी भागात तुम्ही त्याला मनापासून बोलतं केलंत तर तिथे त्याला हक्काचे गुण मिळतील, आणि ते खरे असतील. उत्तरं फळ्यावर लिहून दिलीत तर तो ती मोत्यासारखी उतरवून काढेल, याची तुम्हाला आणि मला दोघींनाही खात्री आहे. त्या दिवशी त्याची नक्कल करायची सवय आपण सरकारी शिक्क्याने पक्की केलेली असेल. मूल हे विसरत नाही. बाईंनाही मला वाचता येण्याची गरज वाटत नाही, असं तो त्यातून शिकतो.

तो नापास झाला तर पुनर्परीक्षेपर्यंतचे आठवडे हाताशी आहेत, आणि इथे मला एक गोष्ट दिसते जी वेळापत्रक करणाऱ्यांना फारशी दिसत नाही. उसाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष एकमेकांना छेद देऊन जातात. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास मुलांना घेऊन जातो आणि होळी-पाडव्याला परत आणतो. मे महिन्यात ही मुलं गावात असतात, मोकळी असतात, आणि नेमकी तेव्हा शाळा बंद असते. बाकीच्यांची सुट्टी हीच यांची शाळा असायला हवी. तुम्ही स्वतःची सगळी सुट्टी त्यात घाला असं मी म्हणणार नाही. तुम्हाला घरी जायचंय, आईच्या हातचं खायचंय, ते तुम्ही करा. पण बारावी झालेली एखादी मुलगी प्रत्येक गावात असते. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांशी बोला. समाजमंदिरात किंवा झाडाखाली सकाळी सात ते आठ, पाच-सहा मुलं. पट्ट्या आणि गोष्टींची पुस्तकं तुम्ही ठेवून जा, आठवड्यातून एकदा फोनवर त्याच्याकडून एक गोष्ट वाचून घ्या. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा गुरांमागे गेली. त्या मानाने एक तास झाडाखाली बसणं आपल्या आवाक्यातलं आहे.

आणि पुनर्परीक्षेतही नाही जमलं तर? मग त्याला पाचवीत ठेवण्याआधी आईवडिलांना शाळेत बोलावू नका, तुम्हीच तांड्यावर जा. त्या भेटीत एक गोष्ट डोळ्यापुढे असू द्या. या वयाचा मुलगा नापास झाला की घरात हिशेब बदलतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हा आता अर्ध्या कोयत्याच्या लायकीचा झाला, असं मजुरांची टोळी नेणारा मुकादम म्हणतोच. ही वाट एकदा सुरू झाली की परत शाळेकडे वळत नाही. तेव्हा त्याला पाचवीत ठेवणं त्याच्या फायद्याचं आहे का, हे तुम्ही पुढच्या वर्षीही त्या शाळेत आहात का, सहावी त्याच शाळेत आहे की तीन किलोमीटरवर, यावर ठरेल. ओळखीच्या बाईंजवळ आणखी एक वर्ष मिळणार असेल तर मी त्याला थांबवीन. नुसताच शिक्का बसणार असेल तर नाही थांबवणार. पण या वयात घातलेला तो शिक्का उसाच्या फडात नेऊन सोडतो, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, 'पालकांना काही पडलेलीच नाही.' बाई, हे वाक्य खोडून टाका. कोयता उचलणाऱ्या घराने पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी, कधी नुसतं घर चालवण्यासाठी. ती फेडायला त्यांना जावंच लागतं, आणि गावात मूल ठेवायला म्हातारं माणूस नसेल तर ते बरोबर न्यावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला रिकाम्या घरात एकटं ठेवून कुठली आई जाईल? दिवाळीनंतर आपण त्यांना 'मूल ठेवून जा' म्हणून सांगतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बोलायची वेळ पोळा-गणपतीच्या आसपासची, उचल आणि टोळी ठरत असतानाची. तेव्हाच विचारा, घरात आजी आहे का, मावशी आहे का? मूल कुणाजवळ राहू शकत असेल तर गावात मागे राहिलेल्या मुलांना जेवू घालणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव जायला हवं, म्हणजे दोन वेळच्या जेवणाचा भार त्या म्हातारीवर पडत नाही. ही यादी आणि प्रस्ताव शाळेतून वेळेवर गेला तरच उपयोग. मुख्याध्यापकांना याची आठवण ऑगस्टमध्ये करा, नोव्हेंबरमध्ये नाही.

आणि मुलाला न्यायचंच असेल तर स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते शिक्षण हमी कार्ड त्याच्या हातात असू द्या, त्यावर तुमचा फोन नंबर लिहा आणि तो कुठल्या कारखान्याच्या पट्ट्यात जाणार ते आधी विचारून ठेवा. कायद्याने जवळच्या शाळेला त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. पण टोळी कर्नाटकात गेली तर समोर कन्नड शाळा येते आणि तिथे तो आणखीच गप्प होतो. अशा वेळी तुमचा आठवड्याचा एक फोन हीच त्याची शाळा असते. आईजवळ मोबाइल असतो. पाच महिन्यांत वीस फोन झाले तरी मार्चमध्ये तुम्ही पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करणार नाही.

आता तुमच्या झोपेबद्दल. मुद्दाम शेवटी घेतलंय, पण ते कमी महत्त्वाचं आहे म्हणून नाही. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन अनोळखी गावात, भाड्याच्या एका खोलीत, सोळा हजारांच्या मानधनावर तीन वर्षं काढायची आणि त्यात एका मुलाच्या न वाचता येण्याचा भार एकटीने उचलायचा, हे जड आहेच. पण तो मुलगा पाचवीपर्यंत असा आला त्याला चार वर्षं लागली आहेत. त्यातलं तुमचं एकही नाही. दोन वर्षांच्या नोकरीत चार वर्षांचा अपराध स्वतःवर घेऊ नका. नोकरीत यायला नको होतं का, असं विचारता. बाई, ज्यांना हे दिसत नाही त्यांना झोप लागते. मला दोन वर्षं शांत झोप लागत होती, ती मुलगी माझ्या वर्गात असताना. तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत तुमच्यासारख्या आणखी दोघी नक्की असतील. परिषद संपल्यावर चहाला त्यांच्याजवळ बसा आणि तुमचं नोंदींचं पान दाखवा. निम्म्या रात्री तेवढ्यानेच हलक्या होतील.

एक शेवटची छोटी गोष्ट. त्याच्या वाक्यांची वही होईल, बारा-पंधरा पानांची. ती शाळेत ठेवू नका, घरी पाठवा. त्याच्या आईला सांगा, रात्री चुलीपाशी त्याने रोज एक पान तुम्हाला वाचून दाखवायचं. ती म्हणेल, मला कुठं वाचता येतं? तिला सांगा, वाचता यायची गरज नाही. तो कुठे अडला, कुठे थांबला, ते ऐकू येतंच. जिथे थांबेल तिथे नखाने खूण करून ठेवा, सकाळी बाई बघतील.